जगदाळेसरांचं ‘आधी काय?’

परवा भाचीने तिच्या ऑफिसातल्या सादरीकरणाच्या स्लाइडी मला दाखवायला आणल्या. देखण्या होत्या. निळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात पानंफुलं, मधोमध एक गोल आणि गोलाभोवती बाणच बाण. मी पाहिल्या आणि तोंडातून निघून गेलं, “आधी काय?”

“म्हणजे?”

“म्हणजे या गोलात वाचायला सुरुवात कुठून करायची?”

“मावशी, ते दिसतंच की!”

दिसतंच की! अगदी हेच वाक्य मी एकेकाळी यशवंत जगदाळे नावाच्या माणसाला ऐकवलं होतं. तेही फणकाऱ्याने. आणि त्या माणसाला दोन्ही डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आठवलं की अजून कान गरम होतात.

बडोद्याला सुभानपुऱ्यात एका दुमजली घरात आमचं केंद्र होतं. कारखान्यांतल्या कामगारांना सुरक्षिततेचं शिक्षण द्यायचं, हे त्याचं काम. त्या वर्षांत बडोद्याच्या चहूबाजूंना कारखाने उभे राहत होते, बाहेरच्या कंपन्या येत होत्या, आणि आपल्या कामगारांनी रीतसर शिक्षण घेतलंय असा कागद प्रत्येकीला हवा असायचा. म्हणून करजणपासून छाणीपर्यंतच्या कामगारांच्या तुकड्या बसमध्ये बसून आमच्याकडे यायच्या. मी तिथे संगणकावर बसायची. हुद्दा ऑपरेटरचा, कामं मात्र सगळी. तिशी नुकतीच उलटली होती आणि माझ्याइतकं कुणाला काही येत नाही अशी माझी पक्की खात्री होती.

जगदाळेसर तिथले शिक्षक. उंच, ताठ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, आजोबा पलटणीत, आणि दोघांची चाल सरांच्या पाठीत उतरली होती. छाणीहून रोज ठरलेल्या रिक्षाने यायचे. काठी हातात असायची, पण केंद्रात पाऊल टाकलं की ती दाराशी उभी करायची आणि पुढे दिवसभर तिच्याशी संबंध नाही. घड्याळ काच उघडून बोटाने बघायचे. कुणी दोन मिनिटं उशिरा आलं की मान तिकडे वळवून नुसते ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’ला पंड्यासाहेबसुद्धा भ्यायचे, आणि ते तर केंद्राचे प्रमुख होते.

आणि ‘आधी काय?’ हे तर उठल्या बसल्या. शिपायाने चहा आणला की, “आधी काय घातलंस रे, आलं की साखर?” कुणी म्हणालं, सर, मुलीचं लग्न ठरवतोय, की, “आधी काय? मुलीला विचारलंत का?” एकदा मी तणतणत त्यांच्या खोलीत शिरले. “सर, प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, पंड्यासाहेब ओरडतायत, बस येऊन उभी आहे, मी काय काय करू?”

“आधी काय?”

“काय आधी काय?”

“आधी कागद अडकला की आधी साहेब ओरडले?”

मी चिडून म्हटलं, “आधी साहेब ओरडले. म्हणून मी घाईने कागद घातला.”

“मग कागद सोपा आहे. आधी साहेबांना बसव.” आणि स्वतःच उठून पंड्यासाहेबांकडे गेले, मला दहा मिनिटं मिळवून दिली. असा माणूस. राग यायचा, आणि तो पुरता यायच्या आत जायचा.

वर्गात हेच गुजरातीत. “पहेलां शुं?” सर विचारायचे, आणि पन्नाससाठ कामगार छप्पर उडेल असे ओरडायचे, “चश्मा!” पाइपाला हात लावायचाय, पहेलां शुं? चश्मा! ॲसिडचं पिंप हलवायचंय, पहेलां शुं? चश्मा! “अने पछी?” म्हणजे ‘आणि मग?’, हे सर त्यानंतर विचारायचे. सुट्टीत चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांना चिडवायची, “अल्या, चा पीवी छे? पहेलां शुं?” कामगारांना सरांचं आडनाव आठवत नसे. ते ‘पहेलां शुं साहेब’ म्हणूनच ओळखायचे.

सरांची एक पत्र्याची ट्रंक होती. शिकवायला सुरुवात करताना ती टेबलावर घ्यायची आणि एकेक वस्तू काढून वर्गात फिरवायची. चेपलेलं हेल्मेट. ॲसिडने भोक पडलेला हातमोजा. पुढून चपटा झालेला बूट. “हाथ फेरवो, हाथ फेरवो,” सर म्हणायचे. बुटाच्या मालकाची बोटं शाबूत राहिली, आता तो भजनात टाळ वाजवतो, वगैरे. प्रत्येक वस्तूने कुठे ना कुठे मार खाल्लेला होता. फक्त एक चष्मा, कारखान्यात घालतात तो, एकदम नवाकोरा होता. काचेवर साधा ओरखडाही नाही. तो सर फडक्यातून काढून टेबलावर ठेवायचे आणि कधी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. मला वाटायचं, दाखवायला म्हणून बाजारातून आणला असेल.

एकदा संक्रांतीला त्यांच्या घरी गेले होते. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तिळाच्या वड्या देता देता म्हणाल्या, “आता बघा, मोजापण कुठला आधी ते ठरलेलं. पूर्वी हे असे नव्हते हो. शर्टाची बटणं जिन्यात लावायचे, आणि घास तोंडात असताना स्कूटरला किक.” मी हसले. सर हसले नाहीत. वहिनींनी विषय बदलला आणि मीही तो तिथेच सोडला.

सगळं असं छान चाललेलं असताना पंड्यासाहेब अहमदाबादेला कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथून स्लाइडींचं खूळ घेऊन आले. आल्या आल्या सगळ्यांना गोळा केलं. “हवे बधुं स्लाइड पर! ट्रंक बंद. जमानो क्यां पहोंची गयो!” प्रोजेक्टर आला, पांढरा पडदा आला. महिन्याभराने एका मोठ्या कंपनीचे साहेब वर्ग बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर त्यांच्या सगळ्या कामगारांचं शिक्षण आमच्याकडे.

मग पंड्यासाहेब सरांकडे वळले. माणूस वाईट नव्हता, खरंच काळजीने बोलला. त्यांना मराठीही बऱ्यापैकी यायचं. “जगदाळे, तमे चिंता ना करो. खाली टेलिफोनचं बोर्ड आहे ना, तिथे आरामात बसा. पगार तोच. स्लाइडवर शिकवणं तुम्हाला नाही जमायचं.”

“महिना आहे ना?” सर म्हणाले. “महिन्यानंतर ठरवू.”

दुपारभर ते खोलीत बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “टेलिफोनच्या बोर्डावर आंधळा शोभतो, असं सगळ्यांनाच वाटतं. काम वाईट नाही गं. पण तिथे मी या माणसाला त्या माणसाशी जोडून देणार आणि स्वतः गप्प बसणार. मेधा, मला गप्प नाही बसता येणार. मला त्या पोरांशी बोललं पाहिजे.” त्यांचा आवाज तेव्हा जरा हलला. मी तो पहिल्यांदाच हललेला ऐकला. तिथल्या तिथे म्हटलं, “सर, स्लाइडी मी करते. अशा करते की बघत राहतील.”

बघत राहतील! कुणासाठी करत होते आणि काय बोलत होते!

आठवडाभर खपून पहिल्या वीस स्लाइडी केल्या. सरांच्या अमेरिकेतल्या पुतण्याने त्यांना पडदा वाचणारी एक सीडी पाठवली होती. ती घातली की संगणक पडद्यावरचं सगळं इंग्रजीत बोलून दाखवायचा. आवाज एका गोऱ्या साहेबाचा, नाकातला. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं रेसिडेंटसाहेब, संस्थानांवर नजर ठेवायला इंग्रज सरकारचा असायचा तसा. “आमच्या आजोबांनी रेसिडेंटला सलाम ठोकले,” म्हणायचे, “मी त्याला नोकरीवर ठेवलाय.”

मी ऐटीत बसले. सरांनी बटण दाबलं. रेसिडेंटसाहेब म्हणाला, “पिक्चर. पिक्चर. पिक्चर.” पुढची स्लाइड. आधी मशीनगनसारखा टकटक आवाज आला, कारण मी अक्षरं एकेक करून उडत येतील अशी सोय केली होती. त्या टकटकीत रेसिडेंटसाहेबाचं बोलणं बुडालं. तिसरी स्लाइड गुजरातीत होती. त्या काळचे आपले फाँट म्हणजे नुसता वेष असायचा. वरून गुजराती अक्षर दिसायचं, आत इंग्रजी. साहेबाने आतलं वाचलं आणि शिवी दिल्यासारखं काहीतरी म्हणाला. चौथीवर लिहिलं होतं, ‘लाल रंगाच्या वस्तूंना हात लावू नका.’

“कुठल्या वस्तू लाल आहेत?” सरांनी विचारलं.

“सर, ते दिसतंच की!”

बोलून गेले. सर शांतपणे म्हणाले, “मला नाही दिसत, ते सोड. आमच्या कारखान्यात एक ऑपरेटर होता, त्याला लाल-हिरवं सारखंच दिसायचं. वीस वर्षं कुणाला कळलं नाही. त्याला काय सांगशील?”

मी रडकुंडीला आले होते, आणि रडू आलं की मला राग येतो. “मग काय करू? सगळं काढून टाकू?”

“आधी काय?” सर म्हणाले. “आधी हा टकटकाट काढ.”

तिथून खरं काम सुरू झालं. उडणारी अक्षरं गेली. लाल वस्तूंची नावं आली. प्रत्येक स्लाइडीला स्वतःचं वेगळं शीर्षक आलं. आपण कुठे आहोत ते सरांना त्यावरून कळायचं. गुजराती स्लाइडीच्या खाली टिपणाची जागा असते, तिथे मी तोच मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आणि रेसिडेंटसाहेब अमेरिकन थाटात ‘चॅश्मॅ पॅहेरो’ म्हणायला लागला. सर पोट धरून हसायचे. “बघ, शेवटी साहेबाला गुजराती शिकवलंच आपण!”

चित्रांचा प्रश्न होता. प्रत्येक चित्रामागे दोन शब्द लिहून ठेवता येतात, ते यंत्र वाचून दाखवतं, हे मला तेव्हा कळलं. एका स्लाइडीवर मी शोभेचा माणूस लावला होता. मागे लिहिलं, ‘हसणारा माणूस’.

“कशाला हसतोय?” सरांनी विचारलं.

“उगीच. बरं दिसतं म्हणून.”

“काढ त्याला. जे चित्र शिकवतं तेच ठेव. आणि त्यात काय शिकायचंय तेवढंच लिही. पण आहे ते लिही हं. ज्याला दिसत नाही त्याला भिंतीवर जे आहे तेच सांगायचं, आपल्याला आवडतं ते नाही.”

मग एक दिवस त्यांनी मला चाटच पाडलं. एक स्लाइड ऐकून म्हणाले, “शीर्षक तू सगळ्यांत शेवटी घातलंस. तिसरी ओळ आधी नव्हतीच, मागाहून आठवली. बरोबर?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“रेसिडेंटने चुगली केली.”

गंमत अशी होती. आपण वरून खाली बघतो. यंत्र तसं बघत नाही. मजकुराचे चौकोन ज्या क्रमाने तुम्ही पडद्यावर ठेवले, त्याच क्रमाने ते वाचतं. मी कोऱ्या स्लाइडीवर हवे तिथे चौकोन डकवत होते, सुचेल तसे. डोळ्यांना सगळं जागच्या जागी. कानाला मात्र माझ्या डोक्यातला सगळा गोंधळ जसाच्या तसा. सरांना माझी स्लाइड ऐकू येत नव्हती, मी ती कशी केली ते ऐकू येत होतं. मला भर वर्गात कुणी खिसे उलटे करून दाखवल्यासारखं झालं.

सर्वांत महत्त्वाची स्लाइड कॉस्टिकच्या पाइपाची होती. कॉस्टिक म्हणजे भयंकर दाहक पाणी. त्या पाइपाचा जोड उघडायचा तर पाच गोष्टी क्रमाने करायच्या. मी ती इंग्रजीत आणि गुजरातीत केली, छान आकडे घालून. पंड्यासाहेब मागे येऊन उभे राहिले. “मेधाबेन, चश्मा क्यां छे?” जीभ चावली. नेमका चष्माच राहिला होता! मी झटकन एक चौकोन केला, ‘चष्मा लावा’, आणि ओढून सर्वांत वर बसवला. बाकीचे आकडे एकेकाने वाढवले. झालं. सरांना ऐकवायला बसवलं.

रेसिडेंटसाहेब म्हणाला, व्हॉल्व्ह बंद करा. पाइप रिकामा करा. एका बाजूला उभे राहा. लांबचा बोल्ट आधी सैल करा. चष्मा लावा.

सरांनी बटणावरचं बोट उचललं नाही. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. लांबचा बोल्ट सैल करा. चष्मा लावा.

“सर, चौकोन मागाहून घातला म्हणून,” मी गडबडीने म्हटलं. “आत्ता दुरुस्त करते.”

“तुला चष्मा शेवटी आठवला.”

“हो सर. चुकलं.”

“मलाही शेवटीच आठवला होता,” सर म्हणाले.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“पाळी संपत आली होती. व्हॉल्व्ह बंद केला, पाइप रिकामा केला. केला असं वाटलं. आत थोडं राहिलं होतं. एवढासा जोड तर उघडायचाय, मग चष्मा लावतो, म्हटलं. इथे होता.” त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. “दुसऱ्याच्या चुकीने गेले असते डोळे, तर बरं झालं असतं गं. कुणाला तरी शिव्या घालत बसलो असतो.”

तेव्हा कुठे मला ट्रंकेतला तो नवाकोरा चष्मा कळला. बाकी सगळ्या वस्तूंनी मार खाऊन आपल्या माणसाला वाचवलं होतं. चष्म्यावर ओरखडा नव्हता, कारण तो खिशात होता. मला हुंदका आला आणि या वेळी राग आला नाही.

सर म्हणाले, “रड, हरकत नाही. पण आधी चौकोन दुरुस्त कर.”

मी तो चौकोन सगळ्यांत मागे, म्हणजे बाकीच्या चौकोनांच्या खालच्या थराला पाठवला. यंत्राची रीत अशी की जो सगळ्यांत मागे जातो, तो पहिला वाचला जातो. रेसिडेंटसाहेब म्हणाला, चष्मा लावा. मग बाकीचे चार. सर म्हणाले, “हं.” हे ‘हं’ उशिरा येणाऱ्यांसाठीच्या ‘हं’पेक्षा अगदी वेगळं होतं.

परीक्षेचा दिवस आला. पुढच्या रांगेत कंपनीचे चार साहेब, मागे करजणच्या कारखान्यातले पन्नास कामगार. त्यांची तुकडी दोन दिवस आमच्याकडेच होती. सरांनी डाव्या कानात बारीक इअरफोन घातला, उजवा वर्गासाठी मोकळा ठेवला. आणि काय सांगू, असं शिकवलं! स्लाइड बदलायची, रेसिडेंट कानात शीर्षक सांगायचा, सर बोलायला लागायचे. एकदाही मागे वळले नाहीत. निम्मा वेळ साहेबांच्या ध्यानातच आलं नाही की या माणसाला दिसत नाही. मी दाराशी मुठी आवळून उभी होते.

कॉस्टिकची स्लाइड आली. ती माझी नव्हतीच! पंड्यासाहेबांनी सकाळी, मोठ्या उत्साहाने आणि कुणाला न सांगता, साधी यादी काढून तिथे एक फॅशनेबल चित्र बसवलं होतं. एक मोठा गोल, गोलावर पाच रंगीत ठिपके, भोवती बाण, मध्ये त्या कंपनीचं बोधचिन्ह. सगळं मिळून एक सलग चित्र. मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. खालचं टिपणही जुन्या स्लाइडीबरोबर गेलेलं. पंड्यासाहेब कोपऱ्यातून माझ्याकडे बघून हसत होते, कसं केलं, अशा अर्थाने. त्यांचा गळा धरावासा वाटला.

सरांच्या कानात काय पडलं ते मला इथूनही माहीत होतं. “पिक्चर.” बस.

सर थांबले. मी मनात मोजत होते. संपलं, म्हटलं. गेले टेलिफोनच्या बोर्डावर.

मग सर पुढच्या रांगेकडे तोंड करून गुजरातीत म्हणाले, “साहेब, माझ्या कानातला माणूस म्हणतो, भिंतीवर चित्र आहे. चित्र मला दिसत नाही. तुम्हा चौघांना दिसतं. जरा वाचून दाखवता? पहेलां शुं?”

चार साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. एकजण वरच्या ठिपक्यापासून लागला, “पाइप खाली करो.” त्याच वेळी दुसरा उजवीकडून, “बाजू पर ऊभा रहो.” तिसऱ्याने सर्वांत ठळक लाल ठिपका धरला. तो बोल्टचा होता. चौथा नुसता बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, “आमां शरूआत क्यां छे?” चार डोळस माणसं, चार सुरुवाती! चष्मा खाली डावीकडे, छानशा पोपटी ठिपक्यात बसला होता. कुणीच त्याच्यापासून सुरुवात केली नाही.

सरांनी चौघांना बोलू दिलं. मग मान वर करून मागच्या रांगांना विचारलं, “भाईओ, पहेलां शुं?”

पन्नास कामगार भिंतीकडे न बघता ओरडले, “चश्मा!”

पहिला साहेब हसायला लागला. मग चौघेही. वर्ग संपल्यावर त्याने पंड्यासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. “आ साहेब ज जोईए. बीजो कोई नहीं.” हेच साहेब हवेत, दुसरे कुणी नकोत! मी जिन्यात जाऊन एकटीच नाचले. पंड्यासाहेब बिचारे माझ्यामागे आले. “मेधाबेन, पेली जूनी स्लाइड परत लावून टाका,” म्हणाले, आणि पुन्हा कधी माझ्या स्लाइडींना हात लावला नाही. ट्रंकही टेबलावर परत आली.

त्यानंतर सर कितीतरी वर्षं शिकवत राहिले. स्लाइडी बदलल्या, यंत्रं बदलली, गुजराती बोलणारे आवाज आले. सरांना ते आवडले नाहीत. “आमचा रेसिडेंटच बरा. परका असला तरी खोटं बोलत नाही.” मी नवी स्लाइड केली की डोळे मिटून ऐकायची, अशी मलाही सवय लागली. डोळे मिटले की स्वतःचा गोंधळ बरोबर ऐकू येतो.

सर निवृत्त झाले त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही बडोदं सोडलं. पुढे फोनवर बोलायचो. मग वहिनींचाच फोन आला. म्हणजे सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निरोपाच्या दिवशी.

निरोपासाठी मी एकच स्लाइड केली होती. शेवटच्या तुकडीचा वर्ग चालू असताना काढलेला फोटो. सर विचारतायत, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि अंगात आल्यासारखी ओरडतायत. वर्गातसुद्धा चष्मे लावून बसायचं, हा सरांचा नियम. फोटोमागचे शब्द आदल्या दिवशी लिहायला बसले. लिहिलं, ‘जगदाळेसर विचारत आहेत. वर्ग उत्तर देत आहे. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे.’ वाचून मलाच बरं वाटलं. मग फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या रांगेत, खिडकीशी, एकाने चष्मा कपाळावर चढवला होता. झाली आता पंचाईत! निरोपाचा दिवस, एवढंसं चित्र, कुणाला कळणार होतं? पण मग कानात आलंच, आहे ते लिही. मुकाट्याने शेवटचं वाक्य बदललं.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. लोक नाश्त्याला गेले. सर गळ्यातल्या हारासकट माझ्या टेबलापाशी आले. “काय लावलं होतंस भिंतीवर? ऐकव.”

मी इअरफोन दिला. रेसिडेंटसाहेब बोलला. सरांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं आणि मध्येच थांबलं.

“एकाचा कपाळावर?”

“हो सर.”

“कोण?”

“शेवटच्या रांगेतला. खिडकीशी.”

“करजणची तुकडी ना? खिडकीशी म्हणजे तो खोकणारा. नाव बघ यादीत.”

“सर, आज निरोप आहे तुमचा. राहू द्या ना! उद्या मी कळवते त्यांना.”

“आधी काय?” सर म्हणाले.

मी यादी काढली. अर्जुनभाई नावाचा फिटर होता. नाव सांगेपर्यंत सर जिना उतरायला लागले होते. खाली टेलिफोनचं बोर्ड होतं. त्यावर बसणारी मुलगी नाश्त्याला गेलेली. सर चाचपत त्या खुर्चीत जाऊन बसले. ज्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून हा माणूस महिनाभर माझ्या मानगुटीवर बसला होता, तीच खुर्ची! मला हसूच आलं. मी नंबर सांगितला, त्यांनी बोटांनी फिरवला. गेटवर लागला, गेटने खात्यात दिला, खात्यातून कुणीतरी अर्जुनभाईला बोलवायला धावलं. सर हाराची फुलं बोटांनी कुरवाळत वाट पाहत होते. दारातून बटाटवड्यांचा वास येत होता.

“कोण, अर्जुनभाई? हुं जगदाळे बोलुं छुं. हा, हा, पहेलां शुं साहेब.” मग जरा थांबून, अगदी हळू, घरच्या माणसाला विचारावं तसं, “बोल भाई, पहेलां शुं?”

सरांनी रिसीव्हर कानावरून काढला आणि मला ऐकू यावा म्हणून माझ्या दिशेने धरला. आतून बारीक, ओशाळलेला आवाज आला, “चश्मा, साहेब.”

सरांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला, खुर्चीत नीट टेकून बसले आणि म्हणाले, “हं. अने पछी?”